पाच हजारांचं ‘मेटाबॉलिक’ पॅकेज: दोन महाग ओळी आणि बाकीचं कामाचं सामान

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, पॅथॉलॉजीच्या काउंटरवर शुगर-थायरॉइडच्या पत्रकांशेजारी हल्ली आणखी एक गुळगुळीत पत्रक पडलेलं असतं. वर सुटलेलं पोट आणि त्याभोवती टेप, खाली तपासण्यांची रांग. नाव दर ठिकाणी निराळं, माल थोड्याफार फरकाने तोच: उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा), फास्टिंग इन्सुलिन, होमा-आयआर (याचा अर्थ पुढे येतो), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर, किडनी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवी, आणि सगळ्यात ठळक अक्षरांत लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन. हे शेवटचे दोन म्हणजे चरबीतून निघणारे हार्मोन.

इथे हिशेब मांडला आहे तो संभाजीनगरच्या एका कलेक्शन सेंटरवरून मिळणाऱ्या पॅकेजचा. लॅब साखळीतली, नमुने मुंबईला जातात, किंमत पाच हजारांना थोडी कमी. सोबत उभं राहून चरबी मोजणारं मशीन, डाएट चार्ट आणि फोनवर सल्ला. लॅबचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण पुढे ज्या उणिवा दाखवल्या आहेत त्या एकट्या तिच्या नाहीत.

निकाल आधीच सांगून टाकतो. निम्म्याच्या आसपास पैसे ज्या दोन ओळींपायी जातात, त्या ओळींमुळे तुमची एक गोळी कमी किंवा जास्त होत नाही. उरलेलं बरंचसं सामान चांगलं आहे, पण ते सुटं घेतलं तर फार स्वस्त पडतं. आणि ते चांगलं ठरणार की वाया जाणार, हे मुंबईच्या मशीनपेक्षा रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांवर जास्त ठरतं.

पत्रकावरच्या ‘७८ तपासण्या’ या आकड्याला फार भुलू नका. सीबीसीचा एक नमुना मशीनमध्ये घातला की वीस-बावीस आकडे बाहेर पडतात, ते सगळे वेगळे मोजलेत. लघवी रुटीनमध्ये रंग आणि गढूळपणा यांनाही एकेक तपासणी म्हणून मान मिळाला आहे. लिपिडमध्ये मोजलेले आकडे तीन-चार, बाकी भागाकार. एवढं सगळं करून मधुमेह्याला खरोखर लागणारी एक तपासणी यात नाहीच: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतंय याचं माप. क्रिएटिनिन हा किडनीने बाहेर टाकायचा कचरा; तो रक्तात वाढायच्या कितीतरी आधी किडनीवरचा ताण या गुणोत्तरात दिसतो. ७८ मध्ये लघवीचा रंग आहे आणि हे नाही, यावरून पॅकेज कोणी आखलं असेल याचा अंदाज येतो.

आता त्या दोन महाग ओळी.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत धान्यासाठी बळद असायचं, नाहीतर अंगणात पेव. चरबीचं काम तेच, जास्तीचं साठवायचं. पण हे पेव मुकं नाही, हे १९९४ मध्ये कळलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात आणि पेव किती भरलंय याची वर्दी मेंदूला पोचते. भरलेलं असेल तर भूक आवर, रिकामं होतंय तर खायला लाव. त्याआधीच, १९९३ मध्ये, लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा सूज वाढवणारा पदार्थ जास्त बनतो आणि तो इन्सुलिनच्या कामात आडवा येतो, हे दिसलं होतं. १९९५-९६ मध्ये ॲडिपोनेक्टिन वेगवेगळ्या गटांना स्वतंत्रपणे सापडलं, २००१ मध्ये रेझिस्टिन. रेझिस्टिन उंदरात चरबीतून येतं, माणसात मात्र मुख्यतः मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींतून. त्यामुळे उंदरांवरचा निष्कर्ष उचलून माणसाच्या रिपोर्टवर छापता येत नाही. काही महागड्या पॅकेजांत तेही असतं. घेऊ नका.

लेप्टिनच्या तपासणीतली गोम अशी. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. लठ्ठपणात ते कमी पडत नाही, भरपूर असतं. मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. म्हणजे ९५ किलोच्या माणसाच्या रिपोर्टवर लेप्टिनसमोर ‘हाय’ येणारच. वजनकाट्याने फुकट सांगितलेलं हजारो रुपये देऊन पुन्हा ऐकायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात बायकांचं लेप्टिन पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतं, रात्री ते चढतं, आणि खाणं एकदम तोडलं तर दोन-तीन दिवसांत झरझर उतरतं, चरबी तितकी उतरलेली नसली तरी. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करून दसऱ्याला रक्त दिलं तर आकडा खाली दिसेल आणि त्याचा मधुमेहाशी काही संबंध नसेल. (उपवास साबुदाण्याच्या खिचडीवरचा असेल तर तेवढाही खाली दिसणार नाही.) क्रॅश डाएट सोडल्यावर भूक का खवळते, त्याचं एक कारण मात्र याच घसरणीत आहे: पेव रिकामं झालं अशी वर्दी मेंदूला खऱ्यापेक्षा मोठी जाते.

ॲडिपोनेक्टिनचं गणित उलटं. पोटातली चरबी वाढली की हे कमी होतं. रक्तात ते लेप्टिनपेक्षा साधारण हजारपट असतं. लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात, हे मायक्रोग्रॅममध्ये. काम मोलाचं: यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं, स्नायूंना चरबी जाळायला लावतं, इन्सुलिनचा परिणाम वाढवतं. त्वचेखालचं पेव भरून वाहायला लागलं की धान्य ओसरीवर, माजघरात सांडतं, म्हणजे चरबी यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत जाऊन बसते. फुगलेल्या पेशींभोवती सूज येते, ॲडिपोनेक्टिन उतरतं, इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचत नाही आणि शुगर वर जाते. लठ्ठपणातून टाइप २ मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेतला हा मोठा टप्पा.

पायोग्लिटॅझोन ही जुनी गोळी याच वाटेवर काम करते. तिने वजन थोडं वाढतं आणि शुगर उतरते. ऐकायला विचित्र वाटतं, पण ती त्वचेखालचं पेव मोठं करते, ओसरीवरचं धान्य परत आत जातं आणि ॲडिपोनेक्टिन चढतं. भारतात २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने तिची विक्री थांबवली होती, दीड महिन्याच्या आत ती इशाऱ्यासह परत सुरू झाली. हृदय कमजोर असेल किंवा पायावर सूज असेल तर ती चालत नाही. पॅकेज पाहून मेडिकलवाल्याकडे मागायची ही गोळी नव्हे.

मग विज्ञान इतकं पक्कं असताना तपासणी वाया का? कारण एका माणसाच्या रिपोर्टवर त्या आकड्याचं पुढे काय करायचं, हे ठरलेलं नाही. ‘इतक्याखाली गेलं की अमुक औषध’ अशी रेघ कुठल्याही मार्गदर्शक नियमांत नाही. एक लॅब एकूण ॲडिपोनेक्टिन मोजते, दुसरी त्यातला जड रेणूंचा भाग, म्हणून दोन लॅबचे आकडे जुळवायला जाऊ नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे किडनी बिघडली, हृदय थकलं की ॲडिपोनेक्टिन वाढतं. दहा वर्षांचा जुना मधुमेह आणि किडनीचा त्रास असलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊन घरचे निर्धास्त होतात. ती निर्धास्ती खोटी असते.

लेप्टिनची तपासणी खरंच लागते अशी माणसं फार थोडी. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच मूल बेसुमार जाड होऊ लागलं, भूक कधी भागतच नाही आणि आईवडील नात्यातले असतील, तर लेप्टिन जवळपास शून्य असण्याचा जनुकीय दोष शोधावा लागतो. असे पहिले रुग्ण १९९७ मध्ये नोंदले गेले. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली आहेत, म्हणून हे बालरोगतज्ज्ञाने लक्षात ठेवायचं. दुसरे रुग्ण उलट टोकाचे: अंगावर चरबीच नाही, नसा उठून दिसतात, आणि तरी रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी प्रचंड, शुगर आवरत नाही. याला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. या लोकांना इंजेक्शनचं लेप्टिन उपयोगी पडतं. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही प्रकारांत तपासणी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा तज्ज्ञ डॉक्टर, लिहून देतो, पत्रक नाही.

ओघात आलंच आहे तर, पॅकेजसोबत येणाऱ्या फोनवर ‘लेप्टिन वाढवणारी’ पावडर सुचवली जाते. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. आणि ज्याच्या रक्तात ते आधीच दुथडी भरून वाहतंय, त्याला आणखी वाढवून काय साधणार?

चरबीच्या हार्मोनचा अंदाज घ्यायचा तर एक साधं हत्यार आहे, कमरेची टेप, आणि पॅकेजात ते पत्रकावरच्या चित्रापुरतंच आहे. वजनापेक्षा कंबर का मोजायची, हे मराठी वाचकाला पुण्याहून आलेल्या एका प्रसिद्ध फोटोवरून समजतं. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या परिसरातल्या नवजात बाळांतही हेच दाखवलं: वजनाने लहान, पण चरबी त्या मानाने राखलेली. काट्यावर बारीक आणि आतून जाड असा हा आपला बांधा. म्हणून आपल्यासाठी बीएमआयच्या रेघा २३ आणि २५ अशा खाली आणल्या आहेत. या पॅकेजच्या रिपोर्टवर अजून २५ आणि ३० छापतात. २४.५ बीएमआय आणि सुटलेलं पोट असलेल्या दुकानदाराला ‘नॉर्मल’ असा शेरा मिळतो तो यामुळे.

कंबर मोजायची ती अशी. शर्ट वर, पोट मोकळं. बरगडीचं सगळ्यात खालचं टोक बोटाने चाचपा, मग बाजूला कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. बेंबीचा भरवसा धरू नका, सुटलेल्या पोटावर ती खाली सरकते. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, एका सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पुरुषांत ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांत ८०, म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे धोका धरायचा. साडीवरून मोजलं तर निऱ्यांचाच आकडा हाती येतो. पॅंटचा नंबर तर सोडूनच द्या. चौतीसची पॅंट पोटाखाली बांधून कंबर १०० सेंटीमीटर असलेली माणसं बाजारपेठेत मोजून दाखवता येतील. शिंप्याकडची जुनी कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांब झालेली असते, आणि लांबलेली टेप कंबर कमी दाखवते. ती एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या.

पॅकेजातल्या उभं राहायच्या मशीनचं काय? पायांतून हलका करंट सोडून ते शरीरातलं पाणी अजमावतं आणि बाकी सगळं सूत्राने काढतं. ‘व्हिसरल फॅट ११’ हा आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. पाणी पिऊन, घाम गाळून किंवा पाय सुजलेले असताना उभे राहिलात तर तो बदलतो. दर महिन्याला त्याच मशीनवर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर पाहिला तर कल कळतो, एकट्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता ज्या पहिल्या दोन तासांचं वर म्हटलं त्यांकडे येऊ. या सेवेतला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

मे महिन्याची सकाळ धरा. परभणी-नांदेडकडे पारा दुपारी चाळिशी पार करणार आहे. रक्त घेणारा मुलगा साडेसहाला निघतो, आठ-दहा घरं घेतो आणि दहाच्या सुमाराला सेंटरवर येतो. डबा स्कूटरच्या डिकीत. त्यात तुमच्या तीन ट्यूब: राखाडी झाकणाची शुगरची, जांभळ्या झाकणाची सीबीसी आणि एचबीएवनसीची, आणि लाल किंवा पिवळ्या झाकणाची बाकी सगळ्याची. रक्त ट्यूबमध्ये गेलं म्हणून पेशी मरत नाहीत, त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला, पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उकाड्यात त्याहून जास्त. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं खरं, पण लगेच नाही. त्याचा पूर्ण असर व्हायला एक-दोन तास जातात, तोवर गळती चालूच.

हिशेब करा. तुमची खरी शुगर १२८, म्हणजे मधुमेहाच्या रेघेच्या, १२६ च्या, वर. मुलाने राखाडी ट्यूब संपली म्हणून शुगरही लाल ट्यूबमधून करायची ठरवली आणि ती दोन तास तशीच फिरली. दहा-बारा टक्के गेले, आकडा आला ११४. रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मशीन अचूक, मुंबईची लॅब चोख, आणि उत्तर चूक. शिवाय माणसाला आवडणारं, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

इन्सुलिनचं याहून नाजूक. सुई नीट न लागल्याने किंवा सिरिंजमधून जोरात ट्यूबमध्ये सोडल्याने लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं. वेगळं केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव) गुलाबी दिसलं तर तो नमुना इन्सुलिनसाठी टाकून द्यायचा असतो. रक्त गोठायला अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी आणि सीरम वेगळं करणारं मशीन, मग थंड पेटीत प्रवास. ही फिरकी संभाजीनगरच्या सेंटरवरच झाली पाहिजे, मुंबईला पोचल्यावर नव्हे. या सेंटरवर सेंट्रिफ्यूज आहे. तालुक्याच्या गावांत जे नुसते काउंटर आहेत, तिथे बरेचदा नसतं. गंगाखेड किंवा उमरग्याहून नमुना द्यायचा असेल तर हे आधी विचारा.

होमा-आयआर म्हणजे इन्सुलिनचा असर किती कमी झालाय याचा अंदाज. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मांडलेलं हे सूत्र अगदी साधं आहे: उपाशीपोटीची शुगर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. शुगर ११२, इन्सुलिन १८ असेल तर २०१६ भागिले ४०५, म्हणजे जवळपास ५. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कंपनीच्या किटवर इन्सुलिन १३ आलं तर ३.६. माणूस तोच, आजार तोच. इन्सुलिनची किट एकमेकींशी जुळवलेली नसतात, म्हणून दोन लॅबमधले होमा शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं चुकीचं. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्याने तर हा आकडा पाहूच नये, त्यात बाटलीतलं इन्सुलिनही मिसळलेलं असू शकतं. त्यांच्यासाठी सी-पेप्टाइड ही, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी, वेगळी तपासणी आहे. केसा-नखांसाठी बायोटिनच्या ५ किंवा १० मिलीग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर काही किटवर इन्सुलिन खोटं कमी येतं. दोन-तीन दिवस आधी त्या थांबवा आणि रक्त देताना सांगा. बुकिंगच्या फॉर्मवर हा प्रश्नच नाही.

याच कागदावर, जास्तीचा पैसा न देता, इन्सुलिनच्या अडथळ्याची खूण दिसते: ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. २१० आणि ३५ असेल तर ६. साधारण तीनच्या वर गेलं, कंबर रेघेपलीकडे असेल, तर होमा काढून वेगळं काही कळणार नाही. फक्त ट्रायग्लिसराइडसाठी दहा ते बारा तास उपाशी राहा आणि आदल्या दिवशी दारू नको. रात्री अकराला लग्नाच्या पंगतीतून उठून सकाळी सातला हात पुढे केला तर आकडा पंगतीचा येतो.

दुसरी फुकटची गोष्ट लॅब काढून देत नाही, ती तुम्हीच काढा. सांडलेली चरबी यकृतात किती काळापासून मुक्काम ठोकून आहे आणि तिथे वण तयार होताहेत का, याचा पहिला अंदाज एफआयबी-४ या सूत्राने येतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. (एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली दोन एन्झाइमं.) वय ४८, एसजीओटी ४४, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख २० हजार. वर २११२. खाली २२० गुणिले ८, म्हणजे १७६०. उत्तर १.२. १.३ च्या खाली असेल तर वण पडल्याची शक्यता कमी, वर असेल तर डॉक्टरांना दाखवून पुढची तपासणी. ६५ च्या पुढच्या माणसांत ही रेघ २ धरतात. वय तुम्हाला माहीत आहे, बाकीचे तीनही आकडे ७८ मध्ये आहेत. लिपिडचे चार भागाकार छापणाऱ्या सॉफ्टवेअरला हा एक जड झाला नसता.

एचबीएवनसीला या पॅकेजमध्ये पैकीच्या पैकी गुण, कारण मुंबईला ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी पद्धतीने होतं आणि ग्राफ सोबत येतो. त्याला उपाशी राहायची गरज नाही, नमुना प्रवासातही टिकतो. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर मधुमेह. पण शेजारचं हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय हा आकडा वाचू नका. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी खोटं वर जातं. हिमोग्लोबिन ८.५ असलेल्या बाईचं ६.६ आलं तर तेवढ्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर बघायची. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ते उतरतं, आणि ते श्रेय डाएट चार्टला जातं. रक्तस्राव, नुकतंच रक्त चढवणं, लाल पेशी लवकर तुटण्याचे आजार यांत ते खोटं खाली येतं. किनवट-माहूरकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक विकार आढळतो. तिथल्या कुटुंबांनी ग्राफवर जास्तीचं शिखर आहे का हे डॉक्टरांना विचारावं. सिकलसेलचा आजारच असेल तर या तपासणीवर विसंबून चालत नाही.

जेवणानंतरची शुगर पॅकेजमध्ये नाही, कारण त्यासाठी मुलाला दुसरी फेरी मारावी लागते. सुरुवातीच्या मधुमेहात बरेचदा आधी तीच बिघडते. सुटी करून घ्या, आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे.

डाएट चार्टबद्दल थोडक्यात: ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली, बदामाचं दूध. उदगीरच्या आठवडी बाजारात यातलं काय मिळेल ते सांगायला नको. ज्वारीचा उल्लेख एकदाच, ‘मिलेट रोटी’ या नावाने. ज्वारी चांगलीच, पण शंभर ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं तिच्यातही असतात. दोन मोठ्या भाकरी आणि पातळ आमटी या ताटापेक्षा एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ आणि कच्चा कांदा-काकडी-मेथी हे ताट शुगर कमी चढवतं. चार्टमध्ये एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. वजनाच्या बाबतीत मात्र चार्ट बरोबर बोलतो. ५ ते ७ टक्के वजन उतरलं तरी शुगर आणि यकृत दोन्ही हलतात. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ (DiRECT) नावाच्या चाचणीत १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा टाइप २ मधुमेह वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता. ते सगळे निदान होऊन सहा वर्षं व्हायच्या आतले रुग्ण होते. पंधरा वर्षांच्या मधुमेह्याने हा आकडा पाहून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

परत परत काय करायचं, तर एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, शुगर आटोक्यात आली की सहा महिन्यांनी. तीनच महिने का, कारण लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. लिपिड, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा. इन्सुलिन पुन्हा करायचं कारण नाही. लेप्टिन-ॲडिपोनेक्टिनचं ‘फॉलो-अप पॅकेज’ सवलतीत देऊ, असा मेसेज तीन महिन्यांनी येतो. सवलत मोठी असते. नको म्हणा.

नुसता संशय असेल, वय तिशीच्या पुढे असेल, तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी फुकट तपासतात. तिथून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

बुकिंगच्या फोनवर चार गोष्टी विचारा: शुगरची राखाडी ट्यूब वेगळी घेणार का, सेंट्रिफ्यूज इथेच होतं का, रक्त काढल्यापासून किती वेळात होतं, आणि उन्हाळ्यात डब्यात आइस पॅक असतो का. पलीकडचा माणूस ‘सर, आमची लॅब नामांकित आहे’ एवढंच सांगू लागला तर घरी बोलावू नका, सकाळी साडेसातला स्वतः सेंटरवर जा. तिथे ट्यूब पाच पावलांवर सेंट्रिफ्यूजपर्यंत जाते. काउंटरवर ‘लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन काढून द्या’ म्हटलं तर ‘सिस्टीममध्ये पॅकेज फुटत नाही’ असं उत्तर येतं. मग उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीएवनसी, सीबीसी, लिपिड, लिव्हर, क्रिएटिनिन आणि लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर यांची सुटी पावती करायला सांगा. ती पॅकेजच्या निम्म्याच्या आसपास बसते, आणि पत्रकावर नसलेल्या दोन कामाच्या तपासण्या तिच्यात येतात.